सातशे अठ्ठ्याहत्तर अद्धे

४ जुलै

दादा,

उभा, आडवा आणि तिरका, तिन्ही मापांनी नमस्कार.

सुखरूप पोचले. वसतिगृहातली खोली तीच, पलंगही तोच कुरकुरणारा, फक्त खिडकीची काच कुणीतरी बदलली आहे आणि ती चौकटीपेक्षा बोटभर लहान आहे. मोजणाऱ्याने माप कुठून घेतलं कोण जाणे. तू असतास तर त्या माणसाला शोधून काढला असतास.

बांधकाम व्यवस्थापन आणि क्वांटिटी सर्व्हेइंगचं हे शेवटचं वर्ष. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो, आणि तो पास झाला तरच पदवी. मला मिळालेत 'वजाबाकी सर'. हे नाव आम्हीच ठेवलंय. भिंतीच्या मापातून दारं-खिडक्या वजा करायला ते शिकवतात आणि तोच हात आमच्या मार्कांवरही चालवतात.

माझा विषय विटांची नासाडी. पुस्तकात लिहिलंय की वीटकामात शंभरातल्या पाच विटा फुटून वाया जातात, म्हणून हिशेब करताना पाच टक्के जास्त धरायच्या. सगळे डोळे झाकून पाच धरतात. ते पाच खरे आहेत का, हे मला साइटवर मोजून बघायचंय.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही गवंडी बांधताय त्या शाळेच्या इमारतीला दोन सारख्या बाजू आहेत, आठ-आठ खोल्यांच्या. डावी तुझ्या टोळीकडे, उजवी दुसऱ्या टोळीकडे. याहून चांगली साइट मला शोधून सापडायची नाही. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येऊ का मोजायला? नाही म्हणू नकोस.

तुझं शेंडेफळ


११ जुलै

शेंडेफळा,

आशीर्वाद. मोजून घे, कमी भरले तर कळव.

घरात दोन फोन असताना मी पत्रच का मागतो, असं तू जाताना विचारलंस. साइटवर तोंडी ठरलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. म्हणून मला सगळं लिहून लागतं. तुझं खाणंपिणंसुद्धा.

तर आता लिहून घे. नाही.

अठ्ठावीस वर्षं थापी धरली. या काळात किती मोजणीवाले आले आणि गेले. बूट झाडत येतात, टेपचं एक टोक मलाच धरायला लावतात आणि वहीत लिहितात, 'मोजले. तफावत.' कधी भिंत कमी भरली म्हणतात, कधी वीट जास्त गेली म्हणतात. 'मोजले. बरोबर.' असं लिहिलेलं मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि आता मोजणीवाली माझ्याच घरात निघाली! आई-बाबा गेले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. अंगाखांद्यावर खेळवलं, शिकवलं, ते माझ्याच भिंतीला टेप लावायला का?

तुझी वहिनी माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि हसते आहे. तिचं म्हणणं, पोरीला एवढा प्रश्न पडलाय तर उत्तर मिळू दे. दोन बायकांपुढे माझं काय चालणार.

ये. पण टेप चांगला आण. मागच्या खेपेचा तुझा टेप टोकाशी सैल होता, दोन मिलिमीटर खात होता. तसल्या टेपने माझी भिंत मोजलीस तर घरात घेणार नाही.

दादा


२ सप्टेंबर

दादा,

साइटवरून येऊन दहा दिवस झाले, पण केसांतली सिमेंटची धूळ अजून निघायची आहे. वहिनीला सांग, डबा धुऊन ठेवलाय, पुढच्या खेपेला भरायला आणते.

पंधरा दिवसांत कोठीवाल्या काकांच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या. किती विटा आल्या, किती उरल्या. दोन्ही बाजूंच्या सोळा खोल्यांच्या भिंती मोजल्या. तुझ्या बाजूच्या दारांच्या कडेला तू त्या गाजरी रंगाच्या विटांची जी नक्षी केली आहेस ती मला फार आवडली. सांगायचं राहून गेलं होतं.

आता गोची ऐक. हिशेबाने एका बाजूला एकवीस हजार विटा लागतात. उजव्या टोळीने वापरल्या बावीस हजार दोनशे साठ. म्हणजे सहा टक्के नासाडी, पुस्तकापेक्षा थोडी जास्त. ठीक. तुझ्या टोळीने वापरल्या वीस हजार सहाशे चाळीस.

दादा, हे लागणाऱ्या विटांपेक्षाही तीनशे साठने कमी आहे! नासाडी शून्य निघाली असती तरी मी भांडले असते. ही तर शून्याच्याही खाली गेली.

वजाबाकी सरांनी भर वर्गात विचारलं, "उरलेल्या तीनशे साठ विटा हवेच्या आहेत का?" वर्ग खो-खो हसला. मग मला बाजूला बोलावून म्हणाले, "एक तर विटांमधले सिमेंटचे सांधे जाड भरलेत, म्हणून विटा कमी लागल्या. नाहीतर तुमचे बंधू तुम्हाला हवे ते आकडे पुरवताहेत. पुन्हा तपासा. नाहीतर हा प्रकल्प मला नाकारावा लागेल."

सांधे मी बघितले होते. दहा थरांची उंची एक मीटर भरली की सांधे बरोबर, आणि तेवढीच भरली. पण एकाच जागी. ते म्हणाले, एका जागी मोजून भिंत कळत नाही.

दादा, रागावू नकोस. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? माझा आकडा चांगला दिसावा म्हणून तू कुठून विटा आणून भरल्यास का? किंवा काकांना चिठ्ठ्या कमी दाखवायला सांगितलंस? सांगितलं असशील तर प्रेमापोटीच, ते मला कळतं. पण खरं काय ते लिही.

शेंडेफळ


९ सप्टेंबर

पत्र मिळालं.

भिंत माझी आहे. चिठ्ठ्या काकांच्या आहेत. आकडे तुझे आहेत. पाच टक्के लिही आणि पास हो.

वहिनी बरी आहे.

दादा


२० सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मोजलं. आशीर्वाद शून्य भरले.

चार दिवस पत्र उशीखाली ठेवलं आणि रोज काढून वाचलं. तीन ओळी म्हणजे वाचायला किती वेळ लागणार, तरी वाचत राहिले. मी चुकले. तुझ्यासारख्या माणसाला असं विचारायला नको होतं. ज्याने कधी वाळूची पाटी अर्धी भरून पूर्ण म्हटली नाही, त्याला मी विचारलं, तू लबाडी केलीस का. लाज वाटते.

पण पाच टक्के मी लिहिणार नाही. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे मला सरांनी नव्हे, तू शिकवलंस. चौथीत असताना माझ्या फ्रॉकचं माप तू अंदाजाने सांगितलंस आणि तो आखूड झाला, तेव्हा कान पकडले होतेस, स्वतःचेच.

चौदा ऑक्टोबरला सादरीकरण आहे. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक येणार आहेत. त्या तीनशे साठ विटांचं उत्तर माझ्याकडे नसेल तर प्रकल्प नामंजूर, म्हणजे आणखी एक वर्ष. तरी चालेल. फक्त बोल माझ्याशी.

शेंडेफळ


२७ सप्टेंबर

वन्संबाई,

हे पत्र तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. तो साइटवर गेलाय. त्याने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. फार काही बिघडणार नाही, त्याने आजवर मला एकोणीस शपथा घातल्यात आणि मी त्यातल्या चारच पाळल्यात.

तुझं पत्र आलं तेव्हा तो जेवत होता. हात धुऊन वाचलं आणि ताटावर परत बसला नाही. मी म्हटलं, अहो, सांगून टाका की तिला. तर म्हणाला, "काय सांगू? तिचा भाऊ दुसऱ्यांचा कचरा वेचतो म्हणून?"

ऐक नीट. दाराच्या आणि खिडकीच्या कडेला एका आड एका थरात अर्धी वीट लागते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिला हे लोक अद्धा म्हणतात. बाकीचे गवंडी थापीने टाण्णकन चांगली वीट फोडतात, एक अर्धी लावतात, दुसरी फेकतात. तुझा दादा आख्खी वीट कधीच फोडत नाही. काम सुटलं की तो उजव्या बाजूला जातो आणि त्या टोळीने फेकलेल्या ढिगातून चांगले अद्धे निवडून घमेल्यातून आणतो. जिन्याखाली रचून ठेवतो. त्या टोळीची पोरं त्याला 'भंगारशेठ' म्हणतात. तो हसून नेतो, पण घरी आल्यावर तासभर बोलत नाही.

तुला जी नक्षी वाटली ना, ते उजवीकडचे अद्धे आहेत गं. त्यांना वीट दुसऱ्या भट्टीची आली होती, फिकट.

एवढंच असतं तर त्याने तुला सांगितलं असतं. पण मागची खोली आठवते ना? दहावीला तुला अभ्यासाला जागा नव्हती म्हणून बांधलेली? त्या खोलीत एकसुद्धा आख्खी वीट नाही. दोन वर्षं तो रोज सायकलच्या मागे गोणी बांधून तुकडे आणत होता. तुला गोणीचा आवाज यायचा आणि तू विचारायचीस, दादा काय आणलंस, तर तो म्हणायचा, कोळसा. वरून असा गुळगुळीत गिलावा केला की कुणाला कळू नये. तू तिथे बसून पहिली आलीस. "माझी पोर कचऱ्याच्या खोलीत शिकली हे तिला कळता कामा नये," हीच ती शपथ.

आता तूच बघ. पण लवकर बघ. सोमवारी पाच तारखेपासून डाव्या बाजूला गिलावा सुरू होतोय. एकदा भिंतीवर गिलावा चढला की तुझे अद्धे गेले आत.

वहिनी


३० सप्टेंबर

दादा आणि वहिनी,

दोघांना एकच पत्र, आणि दादा, वहिनीवर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

शनिवारी येते आहे. खडूचं खोकं घेऊन येते. सादरीकरण होईपर्यंत डाव्या बाजूला गिलाव्याचं घमेलं उचलू देऊ नकोस. काय वाटेल ते कारण सांग.

मी पंधरा दिवस त्या भिंतींपुढे उभी होते. लांबी, रुंदी, उंची सगळं मोजलं. वीट पाहिलीच नाही! समोर उत्तर गाजरी रंगात लिहिलेलं होतं आणि मी त्याला नक्षी म्हटलं. मोजणीवाल्यांबद्दल तू जे म्हणतोस ते अगदी खरं आहे.

आणि त्या खोलीबद्दल. मी इथे सगळ्यांना सांगत सुटले आहे. समोरच्या पलंगावरची मैत्रीण, मेसच्या काकू, ग्रंथालयातले गृहस्थ, कुणालाही सोडलं नाही. माझी छाती केवढी फुगली आहे म्हणून सांगू! माझ्यासाठी एक माणूस दोन वर्षं वीट-वीट वेचत होता, आणि तेही अर्धी-अर्धी. यात लपवण्यासारखं काय आहे, वेड्या?

तुझं शेंडेफळ


१२ ऑक्टोबर

शेंडेफळा,

आशीर्वाद. या खेपेला मागची बाकी धरून दुप्पट.

तू शनिवार-रविवार येऊन गेलीस. दोन दिवस माझ्या भिंतींवर खडूने ठिपके काढत होतीस आणि मी कंदील धरल्यासारखा तुझ्यामागे खडूचं खोकं धरून फिरत होतो. सातशे अठ्ठ्याहत्तर फिकट अद्धे. म्हणजे तीनशे एकोणनव्वद विटा. तीनशे साठ गेल्या तुझ्या घोळाच्या, राहिल्या एकोणतीस, ती माझी खरी नासाडी, असं तू म्हणालीस. मी त्यावर विचार केला. एकोणतीस नसणार. सत्तावीस असतील. पण असो.

गिलाव्याचं कसं थांबवलं ते सांगितलं नव्हतं. साइटवरच्या इंजिनिअरना म्हणालो, आधी उजव्या बाजूचा गिलावा करू, आमची टोळी मदतीला येते. उजवीकडची पोरं म्हणाली, भंगारशेठ आज इकडे कसे? मी म्हटलं, तुमच्या नासाडीवर माझ्या बहिणीची पदवी चालली आहे, जरा मानाने बोला.

आता खरी बातमी. काल सकाळी साडेनऊला गेटवर एक गाडी थांबली. एक टकलू गृहस्थ उतरले आणि त्यांच्याबरोबर एक बाई, पांढरे केस, पायात चांगले जाड बूट, हातात स्वतःचा टेप. मला वाटलं, आला बाबा आणखी एक मोजणीवाला, आणि या खेपेला जोडीने! मी परांचीवर चढून बसलो.

बाई खालून म्हणाल्या, "मिस्त्री, डाव्या बाजूचं काम कुणाचं?"

म्हटलं, "माझं."

"मग खाली या. टेप मी धरते, तुम्ही फक्त जागा दाखवा."

अठ्ठावीस वर्षांत टेपचं टोक मला धरायला न लावणारा हा पहिला माणूस. मी उतरलो. म्हटलं, "जागा मी कशाला दाखवू? तुम्हाला संशय असेल तिथे लावा." टकलू गृहस्थ खोकले. हेच तुझे वजाबाकी सर, हे मला तेव्हा कळलं. बाई म्हणजे तुमच्या परीक्षक. तुला न सांगता आल्या होत्या. विद्यार्थी समोर असला की भिंतीसुद्धा शहाण्यासारख्या वागतात, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी अकरा ठिकाणी टेप लावला. कोपऱ्यात, खिडकीखाली, परांचीवर चढून अगदी वरच्या थरांना. दहा थर, एक मीटर. दहा थर, एक मीटर. नवव्या ठिकाणी सर म्हणाले, इथे एक मिलिमीटर जास्त आहे. बाईंनी चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुमची मान तिरकी आहे." मला हसू आवरेना, म्हणून मी उगाच ओळंबा शोधत फिरलो.

मग त्यांनी तुझे खडूचे ठिपके मोजायला घेतले. तीन खोल्या स्वतः मोजल्या, तुझ्या कागदाशी ताडून बघितल्या. जिन्याखालचा माझा ढीग बघायला मागितला. मला वाटलं आता हसणार. बाई उकिडव्या बसल्या. एकीकडे अद्धे, एकीकडे पाऊण विटा, एकीकडे पाव. एकेक उचलून बघितला. म्हणाल्या, "हे असं लावून ठेवायला कुणी शिकवलं?"

म्हटलं, "गरजेने."

सरांनी मग माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "मिस्त्री, मी तुमच्याबद्दल तुमच्या बहिणीला एक वाक्य बोललो होतो. ते वजा करा." माणूस वाईट नाही गं. एवढं मोठं वाक्य परत घ्यायला जड जातं.

परवा तुझं सादरीकरण. घाबरू नकोस. ताठ उभी राहा, ओळंबा सोडल्यासारखी. मी त्या वेळी काम बंद ठेवून बसणार आहे.

दादा


१५ ऑक्टोबर

दादा! वहिनी!

जिंकलो!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर काही सुटेल. सभागृहात आमच्या वर्गाचे चाळीस जण, तीन प्राध्यापक, मधोमध परीक्षक बाई. मी बाईंकडे बघितलं तर त्या माझ्या भिंतीचे फोटो चाळत होत्या. त्या साइटवर जाऊन आल्यात हे मला ठाऊक नव्हतं, तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं!

मी आकडे मांडले. नासाडी उणे एक पूर्णांक सात टक्के. मागून कुणीतरी "हवेच्या विटा" म्हणालं. मी थांबले आणि फळ्यावर लाल खडूने दाराची कड काढली, एका आड एका थरात गाजरी खडूने अद्धे भरले. सातशे अठ्ठ्याहत्तर, मी म्हटलं, एकेकाला हात लावून मोजलेत. हवा गाजरी रंगाची असते का?

चाळीसच्या चाळीस जण हसले, आणि या वेळी माझ्या बाजूने.

मग बाईंनी विचारलं, "यातून निष्कर्ष काय?" मी म्हटलं, आपण नासाडी टोळीपुरती मोजतो, म्हणून एकाची नासाडी दुसऱ्याचा माल होऊ शकते हे आपल्या हिशेबात येतच नाही. पुस्तकातले पाच टक्के विटांचा स्वभाव नाही, आपली सवय आहे. जिन्याखाली तीन ढीग लावले की सवय सुटते. तसे ढीग लावणारा एक माणूस मला माहीत आहे.

कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझा भाऊ. आणि मग दादा, मी तुझ्या परवानगीशिवाय मागच्या खोलीचंही सांगितलं. ज्या खोलीत बसून मी इथवर आले तिच्यात एकही आख्खी वीट नाही, हे त्या सभागृहात मोठ्याने सांगितलं. कुणी हसलं नाही. वजाबाकी सर चष्मा पुसत होते.

शंभरपैकी चौऱ्याण्णव! या विभागात प्रकल्पाला एवढे आजवर कुणाला मिळाले नव्हते. सहा वजा का, असं मी सरांना विचारलं. म्हणाले, "चार शुद्धलेखनाचे. दोन माझ्या सवयीचे."

अहवालाची प्रत ग्रंथालयात राहणार आहे. शब्दसूचीत पहिलाच शब्द 'अद्धा' आहे, आणि पुढे लिहिलंय, "गवंड्यांचा शब्द. अर्धी वीट. फेकू नये." पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना साइट दाखवायला नेतील तेव्हा ढीग कसे लावायचे ते तूच दाखवायचंस, असं विभागाचं पत्र तुला येईल. लेखी येईल, मी बजावून सांगितलंय.

सोबत एक कागद पाठवते. साइटवर बाईंनी मोजलं त्याचा तक्ता. त्यांनी तो अहवालाला जोडला होता, मी नक्कल मागून घेतली. शेवटची ओळ वाच.

तुझी मोजणीवाली, शेंडेफळ


२३ ऑक्टोबर

शेंडेफळा,

आशीर्वाद. मोजू नकोस, मोजता येणार नाहीत.

कागद मिळाला. शेवटची ओळ वाचली. मग वहिनीला वाचायला दिली. मग कोठीवाल्या काकांना, मग उजव्या टोळीच्या पोरांना एकेकाला. 'मोजले. बरोबर.' खाली बाईंची सही, त्याखाली वजाबाकी सरांची. रडलो. लपवत नाही, तुझ्या वहिनीने तुला लिहिण्याआधी मीच लिहितो.

उजव्या बाजूच्या पोरांनी वरच्या मजल्याच्या जिन्याखाली आपणहून तीन ढीग लावलेत. पाव विटांच्या ढिगात दोन अद्धे टाकलेत गाढवांनी. शिकतील.

डाव्या बाजूला आजपासून गिलावा. तुझे ठिपके पुसायला मन होत नव्हतं, पण शाळा उघडायची आहे.

आणि एक काम काल केलं. मागच्या खोलीत तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीचा गिलावा छिन्नीने काढला, वहीच्या पानाएवढा. आतले तुकडे पाण्याने धुतले. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा ती भिंत बघितली. लाल, काळपट, एक गाजरीसुद्धा. सांधे बघितले. आपण तरुणपणी बरं काम करायचो.

त्या चौकोनाखाली जागा मोकळी ठेवली आहे. येशील तेव्हा तुझा टेप आण, चांगला. दहा थर मोज. आणि मग तुझ्या हाताने तिथे लिही, काय भरतं ते.

मला माहीत आहे काय भरतं. पण तुझ्या अक्षरात पाहिजे.

दादा